आडवी बाटली आणि ब्रीडाचं अंगण

गाव सोडलं त्या सकाळी मला निरोप द्यायला आमच्या अंगणात अख्खं महिला मंडळ जमलं होतं. आई मंडळाची अध्यक्ष, त्यामुळे मुलाचं परदेशगमन हाही मंडळाचाच कार्यक्रम. मुंबईला नेणारी गाडी दारात उभी, बॅगा मागे कोंबलेल्या, आणि आईनं माझ्या तळहातावर दही घालत चारचौघींत विचारलं, "तिकडं जाऊन पिऊन पडणार न्हाईस न्हवं?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "माज्याकडं काय बघतूस, मंडळाकडं बघून सांग." मी मंडळाकडे बघून सांगितलं. माझा चुलतभाऊ सचिन गाडीला टेकून उगाचच खोकत होता. आयर्लंड कशासाठी ओळखला जातो हे त्या अंगणात फक्त त्याला ठाऊक होतं, आणि तो मनानं मोठा असल्यामुळे गप्प राहिला. ते वचन मी आजवर पाळलं आहे. पडलो एकदाच, आणि तेही बर्फावर.

आईची भीती उगाच नव्हती. आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान तिनं बंद पाडलं होतं. गावकडच्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि ज्यांची मुलं आता आयरिश सुरात इंग्रजी बोलतात, त्यांच्यासाठी सांगतो. गावातल्या बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. आई तेव्हा अंगणवाडीत होती. सकाळी पोरांना खिचडी वाढायची आणि संध्याकाळी घरोघर फिरून बाटली आडवी करायची. दुकान बंद झालं त्या दिवशी बायकांनी तिच्यावर इतका गुलाल टाकला की अंगणवाडीतली पोरं तिला बघून रडायला लागली.

अशा बाईचा मुलगा मी, आणि नोकरी लागली मलिंगारजवळच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात. घर मिळालं आणखी आत, एका खेड्यात. चर्च, शाळा, पेट्रोल पंप आणि ब्रीडाचा पब, एवढंच गाव. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडायचा आणि घरी आलो की बोलायला फक्त फ्रिज. मग एके दिवशी उजेड दिसला म्हणून ब्रीडाच्या दारात शिरलो. ब्रीडा साठीच्या पुढची, विधवा, आवाज खणखणीत. तिचा पुतण्या डारा गोठ्याच्या जुन्या इमारतीत एल बनवायचा. एल म्हणजे बिअरच, पण घरगुती स्वभावाची. फार गार पीत नाहीत आणि घाईनं तर अजिबात नाही. डाराची एक एल चहाच्या रंगाची, एक माळावरच्या पिवळ्या काटेरी फुलांची आणि एक ओटची, काळीभोर. एक ग्लास दीड तास पुरवायचा, आणि त्या दीड तासात गायी, पाऊस आणि गैरहजर माणसं यांच्यावर बोलायचं. हे मला फारच जमलं. आमच्या पारावर तरी दुसरं काय चालायचं?

दर ऑगस्टमध्ये ब्रीडाच्या मागच्या अंगणात डाराच्या एलचा उत्सव व्हायचा. नवी पिंपं उघडायची, फिडल वाजायचं, आणि कुठली एल यंदा सरस यावर बाप्ये हमरीतुमरीवर यायचे. ब्रीडा आणि डारा, दोघांचं वर्षाचं गणित त्या एका शनिवार-रविवारवर उभं असायचं.

आई आली ती २०२० च्या फेब्रुवारीत. मला मुलगी बघायला लावून दीड महिन्यात परत जाणार होती. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ती अडकली. ब्रीडाचा पबही बंद झाला. फिरायला गेलो की आई त्या हिरव्या दाराच्या इमारतीकडे बोट दाखवून विचारायची, "हितं काय असतंय?" मी म्हणायचो, "बंद आहे." ते शंभर टक्के खरं होतं.

पुढचं सगळं एका भांड्यानं घडवलं. लॉकडाऊनमध्ये ब्रीडानं आमच्या फाटकावर सोडा ब्रेड आणून ठेवला, निळ्या काठाच्या काचेच्या भांड्यात. आता भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईला कुणी सांगायला नको. तिनं त्यात शिरा भरून पाठवला. गंमत म्हणजे ब्रीडालाही तीच खोड. तिनं शिऱ्याच्या बदल्यात ॲपल टार्ट पाठवला. आईनं टार्टच्या बदल्यात शंकरपाळी. अख्खा एप्रिल आणि मे ते भांडं फाटकावरून येत-जात राहिलं आणि थांबवायचं कसं ते दोघींपैकी कुणालाच कळेना. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून त्या तासभर गप्पा मारायच्या. आई मराठीतून, ब्रीडा इंग्रजीतून. मी तिला आई म्हणतो म्हणून हेच तिचं नाव असं समजून ब्रीडाही तिला आईच म्हणू लागली, आणि मग सगळं गाव. आईला ब्रीडाविषयी एवढंच माहीत होतं की बाई एकटी आहे, कष्टाळू आहे, आणि टार्टमध्ये साखर कमी घालते.

जून संपता संपता पबना उघडायची परवानगी मिळाली, पण एक अट होती. जो येईल त्यानं पोटभरीचं जेवण घेतलंच पाहिजे. नुसतं पिणं नाही. ब्रीडाच्या स्वयंपाकघरात चीज टोस्टपलीकडे काही झालेलं नव्हतं, आणि ते टोस्ट खाऊन दुसऱ्यांदा मागणारा माणूस मी पाहिलेला नाही. ऑगस्ट जवळ आला. डाराची पिंपं भरलेली, आणि एल काही लोणचं नव्हे की मुरत ठेवावी. महिना गेला की ओतून द्यावी लागणार. एका दुपारी ब्रीडा आमच्या फाटकाशी आली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खणखणीत नव्हता. म्हणाली, "दीप, यंदाचा उत्सव झाला नाही तर मी परवाना परत करते. डाराही गोठ्यात परत गायी बांधील. तुझ्या आईला विचार, ती स्वयंपाक करील का? नाही म्हणाली तरी अगदी ग्रँड आहे, मी राग धरणार नाही."

आई बाजूलाच उभी होती, हातात ते भांडं. "काय म्हणतीया?"

दुभाषा म्हणून माझ्यावर आलेला तो सगळ्यात वाईट प्रसंग. मी सांगितलं. हिरव्या दारामागे काय असतं तेही सांगितलं. आई ब्रीडाकडे बघत राहिली, मग भांड्याकडे, मग माझ्याकडे. "म्हंजे हिचा गुत्ता हाय?"

"पब आहे, आई."

"आनि तू जातूस."

"जातो."

"पडतूस?"

"नाही."

ती आत गेली. भांडं ओट्यावर ठेवलं आणि भाजी चिरायला बसली. रात्रीच्या जेवणाला मात्र तिनं स्वतःच विषय काढला. "ते जेवल्याबिगर पिऊ द्यायचं न्हाई म्हनून नियम कुनी काढला?"

"सरकारनं."

"हिथल्या?"

"हो."

"लई शानं सरकार हाय," आई म्हणाली. "आपल्याकडं बाप्ये उपाशीपोटीच पितात, म्हनून तर संसार बुडतात. मी करते सैपाक. पन माझ्या म्होरं ताट संपवल्याबिगर एकाला बी दुसरा गिलास मिळनार न्हाई. सांग तुझ्या ब्रीडाला."

मी सांगितलं. ब्रीडानं डोळे पुसले आणि म्हणाली, पोलिसांचंही अगदी हेच म्हणणं आहे.

उत्सवाच्या शनिवारी आईनं ब्रीडाच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मसालेभात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर. साठ-सत्तर पोरांची खिचडी रोज रांधलेली बाई, तिला ते अंगण म्हणजे किरकोळ काम. तिखट कमी घाल, असं मी परत परत सांगितलं. तिनं तिच्या हिशेबानं कमी घातलं. अंगणात टेबलं लांब लांब मांडली होती. डारा मास्क लावून पिंपांजवळ उभा, चेहरा उतरलेला. लोक आले. आई पदर खोचून टेबलांमधून फिरू लागली. "नो नो, आयम ग्रँड," म्हणजे बस, मला नको, असं कुणी म्हटलं की मी पुढे जायचो. कारखान्यात शिकलो होतो की नाही म्हणजे नाही. आईला असलं काही शिकवलेलं नव्हतं. ती थांबायची, माणसाच्या तोंडाकडे बघायची, आणि आणखी एक पळी भात वाढायची. दर वेळी तो माणूस खायचा. इतकी वर्षं इथं राहून मला जे कळलं नव्हतं ते तिला पहिल्या टेबलावर कळलं, की ही माणसंसुद्धा पहिल्या आग्रहाला नको म्हणून दुसऱ्याला खाणारी आहेत, अगदी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांसारखी.

मग उसळीनं काम सुरू केलं. माणसं लाल झाली, नाकं पुसू लागली, आणि एल मागू लागली. आईच्या नियमाप्रमाणे ताट संपल्याशिवाय दुसरा ग्लास नाही, म्हणून ताटं झपाझप संपू लागली. ताट संपलं की तिला ते रिकामं बघवेना म्हणून ती पुन्हा वाढायची. की पुन्हा तहान. चहाच्या रंगाची एल दुपारीच संपली. फुलांची संध्याकाळपर्यंत तळाला गेली. डारा पळत येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "हे असं कधीच झालेलं नाही. ती त्यात घालते तरी काय?" आई माझ्याजवळ येऊन काळजीनं म्हणाली, "ह्यास्नी लई तहान लागतीया रं. हवा कोरडी हाय काय आज?" बाहेर भुरभुर पाऊस पडत होता.

गावचा पोलीस तपासणीला आला तेव्हा सगळ्यांचे हात ग्लासांवर थिजले. तरुण पोरगा, टोपी काखेत. प्रत्येकापुढे जेवण आहे का एवढंच त्याला बघायचं होतं. आईच्या अंगणवाडीत वर्षानुवर्षं तपासणीला साहेब यायचे आणि साहेबानं आधी घास चाखायचा, मगच पुढची विचारपूस, अशी रीत होती. तिनं त्याच्यापुढे ताट धरलं. तो म्हणाला, "नाही, मी ड्युटीवर आहे, मी ग्रँड आहे." तिनं वाट पाहिली. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि चमचा उचलला. दुसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. एल घेता येईना, म्हणून आईनं त्याला ताक दिलं. तो जाताना ब्रीडाला म्हणाला, "हे जेवण पोटभरीचं नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही."

कोपऱ्यात मिक बसला होता. सत्तरीचा शेतकरी, लग्न न केलेला. मार्चपासून तो कुणाला दिसलाच नव्हता, कारण म्हाताऱ्यांनी घरात राहायचं होतं. त्या दिवशी तो चर्चला जायचा कोट घालून आला होता. ओटच्या एलचा एकच ग्लास त्यानं अख्खी संध्याकाळ धरून ठेवला आणि सगळ्यांचं बोलणं ऐकत बसला. आईनं मला विचारलं, "ह्याच्या घरी कोन हाय?" मी म्हणालो, "कुत्रा." ती त्याच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि आवराआवर सुरू होईपर्यंत उठली नाही. नंतर भांडी घासताना आई म्हणाली, "आपल्या गावात त्या दुकानापायी मान्सं घरला येत न्हवती. हितं ज्यास्नी घर न्हाई ती येत्यात. मला काय ठावं." मला इतकं बरं वाटलं की मी तिचा हात धरला, आणि तिनं तो सोडवून घेतला, कारण तिच्या हाताला भांड्यांचा साबण होता.

ब्रीडानं परवाना परत केला नाही. ऑक्टोबरमध्ये सगळं पुन्हा बंद झालं, तरी केला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला आईला विमान मिळालं. ब्रीडाला तिनं फोनवर व्हिडिओ कॉल करायला शिकवलं होतं, आणि त्या दोघी अजूनही तशाच बोलतात, आपापल्या भाषेत.

पुढच्या वसंतात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या गावाकडून फोन येत राहिले. मंडळातल्या दोघी गेल्या. सचिनचे वडील, माझे काका, गेले. मला जाता येईना. दर फोननंतर मी थोडा जास्तच घरात बसू लागलो. कारखाना, घर, पडदा ओढलेला. जूनमध्ये पबची अंगणं उघडली तेव्हा सुट्टीचा सोमवार होता, ऊन होतं, रस्त्यावरून हसण्याचे आवाज येत होते, आणि मी पलंगावर पडून छताकडे बघत होतो. कुठं तरी जाऊन ग्लास धरून बसावं असं आपलं राहिलंय काय, असं वाटत होतं. तिथलं घर दुःखात, आणि इथलं घर म्हणजे भाड्याच्या चार खोल्या. माझं म्हणावं असं कुठलंच नाही.

दुपारी फोन वाजला. नंबर काकूचा होता. पण आवाज आईचा होता, आणि ती चिडलेली होती.

"कुठं हाईस?"

"घरी."

"घरी काय करतूस? ब्रीडानं मला फोन फिरवून समदं अंगन दाखवलं. मिक हाय, डारा हाय, तो पोलीस बी आलाय. तू दिसला न्हाईस. मी म्हनलं, माझा पोरगा कुठं हाय? तर तिनं एक रिकामी खुर्ची दाखवली."

मी म्हणालो, "आई, माझं मन नाही."

काकूच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"मन कुनाचं हाय रं," ती म्हणाली. "ऊठ. तोंड धू. आधी चार घास खा, मग गुत्त्यावर जा. आनि लवकर जा. माझ्या फोनवर ब्रीडा अजून हाय, मी बंद केला न्हाई. ती खुर्ची मला दिसतीया."