उखळातलं पेरूचं झाड

माझ्या रुखवताची चर्चा डोंबिवलीत आमच्या इमारतीत पुढे दोन वर्षं चालू होती. शिंपल्यांचं तुळशीवृंदावन, लोकरीचं तोरण, कापसाची नवरा-नवरी, हे तेव्हा सगळ्यांच्याच रुखवतात असायचं. माझ्या रुखवताच्या टेबलावर, चकल्यांच्या ताटाशेजारी, एक जिवंत पोपट होता. पहिली पंगत उठेपर्यंत त्याने गजांतून मान काढून तीन चकल्या संपवल्या होत्या.

खरं सांगायचं तर तो रुखवतात नव्हताच. लग्नासाठी ठाण्याचं आमचं घर बंद राहणार, त्याला ठेवायचं कुठे, म्हणून पिंजऱ्यात घालून हॉलवर आणला आणि आईने टेबलावर जागा दिसली तिथे टेकवला. पण सासरच्या बायकांनी त्याला पाहिलं ते रुखवतात, आणि रुखवतात मांडलेली वस्तू मुलीबरोबर सासरी जाते. नियम म्हणजे नियम. वऱ्हाडाच्या बसमध्ये सामान चढवताना कोणीतरी पिंजराही चढवला. मी शालू सावरत खाली मान घालून बसले होते. नव्या नवरीने चारचौघांत दुरुस्त्या सुचवू नयेत, अशी आईची शिकवण होती, आणि ती मी आयुष्यात दोनदाच काटेकोरपणे पाळली; पहिल्यांदा त्या दिवशी. शीळफाट्याला बस अडकली तेव्हा पोपटाने एक लांब शीळ घातली आणि नवरा पहिल्यांदाच माझ्याशी आपणहून बोलला. म्हणाला, "हा पण येतोय?"

"हो," मी म्हटलं. "रुखवतातला आहे."

हा पोपट लहानपणी आमच्या अंगणात पडलेला सापडला होता. एक पंख वाकडा बसला, त्यामुळे त्याला उडता कधीच आलं नाही. पण चालण्यात आणि चढण्यात त्याचा हात, म्हणजे पाय, कोणी धरला नसता. ठाण्याच्या आमच्या बैठ्या घरासमोर पेरूचं झाड होतं, त्यावर तो दिवसभर असायचा. आम्ही त्याला 'अहो' म्हणायचो, कारण आई बाबांना तशी हाक मारायची आणि ओ हा द्यायचा. लग्नानंतर याचा व्हायचा तो घोटाळा झालाच. मी "अहो" म्हटलं की पिंजऱ्यातून "ओ" यायचं आणि आतल्या खोलीतून नवरा विचारायचा, "मला, की त्याला?"

सासरचं घर कोपरच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. माणसं तीन: नवरा, सासूबाई आणि आता मी. सासूबाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरात कुठलीही वस्तू आली की तिला कव्हर चढायचं, त्याशिवाय ती घरची झाली असं धरत नसत. टीव्हीला क्रोशाचं, फ्रीजला फुलाफुलांचं, मिक्सरला झालरीचं. आणि स्वयंपाकघरात त्यांचा दिवसभर एकच पुकारा, "झाकण ठेव!" दुधावर, आमटीवर, पिण्याच्या पाण्यावर. "झाकण ठेव!" वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज.

दुसऱ्या मजल्यावर पेरूचं झाड नव्हतं. दिवसभर पिंजऱ्यात बसून पोपट छातीची पिसं उपटायला लागला. एक दिवस पाहिलं तर छातीवर रुपयाएवढी गुलाबी जागा उघडी पडलेली. मी दार उघडून त्याला बाहेर काढलं. मग तो पडद्यावर चढला. पडद्यावरून टीव्हीवर आला. टीव्हीवर सासूबाईंनी अख्खा हिवाळा बसून विणलेलं कव्हर होतं. त्याने एका कोपऱ्याचा धागा चोचीत धरला आणि अगदी शांतपणे, जणू त्याला कोणी कामच दिलंय, अर्धं कव्हर उसवून काढलं. सासूबाई भाजी घेऊन आल्या तेव्हा तो दोऱ्याच्या ढिगात उभा होता.

त्या ओरडल्या नाहीत. चपला काढल्या, पिशवी ठेवली, खुर्चीवर बसल्या.

"सूनबाई, मी काही वाईट नाही."

"नाही हो, आई."

"चैत्रातलं हळदीकुंकू होईपर्यंत थांबते. तोवर याची पिंजऱ्याबाहेर बसायची नीट सोय झाली, तर राहू दे. नाहीतर त्याला ठाण्याला पाठव."

"आई, ठाण्याला आता मांजर आहे." माझ्या लग्नानंतर महिन्याभरात भावाचं लग्न झालं होतं आणि वहिनीने येताना तिचं मांजर आणलं होतं. आमच्या माहेरी सुना रिकाम्या हाताने येत नसत आणि लेकी जात नसत.

"मग त्या मांजराची काय ती सोय तुझ्या माहेरच्यांनी बघावी," सासूबाई म्हणाल्या आणि दोरा गुंडाळायला लागल्या.

महिना होता हातात. न उडणारा पोपट आणि अंगणात मांजर, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यात देखभालीच्या खात्यात होता. तो म्हणाला, "त्यात काय, पाइपचा स्टँड करू." मोडीत निघालेले प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे रीतसर विचारून आणले, काटकोनात जोडले. खाली चार पाय, वर तीन आडव्या दांड्या, सगळं मापात, लेव्हलची बाटली लावून तपासलेलं. पोपटाला वरच्या दांडीवर ठेवलं. त्याने बोटं आवळली. एक क्षण तो ताठ उभा होता, दुसऱ्या क्षणी दांडीभोवती गोल फिरून उलटा लटकत होता, तिसऱ्या क्षणी जमिनीवर. तीनदा ठेवला, तीनदा तसाच. चौथ्यांदा त्याने नवऱ्याचा अंगठा फोडला.

"पकड बसत नाहीये," नवरा अंगठा चोखत म्हणाला. जणू बोल्टबद्दल बोलत होता.

मग सुतार बोलावला. तिथे आमच्याकडून अस्सल मध्यमवर्गीय चूक झाली. सुताराने विचारलं, "कसला करू?" आणि आम्ही दोघं एकदम म्हणालो, "शोकेसला मॅच होईल असा." त्याने केला. सागवानी रंगाचा सनमायका, कडेला सोनेरी पट्टी, दाण्यासाठी पितळी मुठीचा ड्रॉवर. पोपटाने त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, खालच्या फळीखाली शिरला आणि तिथे अंधारात बसून राहिला. वर बसवला की खाली उतरून पुन्हा फळीखाली. दोन दिवसांनी कारखान्यातून आलेल्या नवऱ्याने विचारलं, "स्टँड कुठंय?" स्टँडला कव्हर चढलं होतं.

"धूळ बसते," सासूबाई म्हणाल्या.

हळदीकुंकवाला आठ दिवस राहिले.

वाट सापडली ती दारावर. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा खाडीकडच्या गावातली कोळीण मासे घेऊन यायची. सासूबाईंशी घासाघीस हा तिचा आवडता खेळ होता. त्या दिवशी टोपली उतरवताना तिला कव्हराखालून डोकावणारी हिरवी शेपटी दिसली.

"काय गो बाय, हा कुटं बसलाय?"

मी सगळी कहाणी सांगितली, अभिनयासकट. पाइपवरून पोपट फिरला तो प्रसंग मी दाराच्या आडव्या कडीला धरून करून दाखवला. ती पोट धरून हसली. मग पोपटाजवळ उकिडवी बसली आणि आपलं बोट पुढे केलं. परक्या माणसाला चावणारा हा प्राणी मुकाट्याने तिच्या बोटावर चढला. तिने त्याचा पंजा उचलून मला दाखवला.

"हे बग. दोन बोटं पुढं, दोन मागं. याला जाड-बारीक पायजे, खरखरीत पायजे. तुमचं सगलं गुलगुलीत! माझ्या बापाकडं पाच होते. फांदी दे त्याला, साल असलेली. चावंल, कुरतडंल, तुझं कवर वाचंल." आणि सासूबाईंकडे वळून, "काय म्हातारे, तुला कलत नाय? येवढी शिकलीस ती!"

सासूबाईंना जन्मात कोणी म्हातारे म्हणालं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी घासाघीस न करता कोलंबी घेतली.

रविवारी आम्ही ठाण्याला गेलो. बाबा शिडी लावून पेरूवर चढले, पोपटाची नेहमीची फांदी कोणती हे त्यांना पाठ होतं. माणसाच्या उंचीची, चार फाटे फुटलेली फांदी त्यांनी करवतीने उतरवली. ती घेऊन आम्ही एस.टी.त चढलो तेव्हा एक फाटा खिडकीबाहेर, एक ड्रायव्हरच्या मानेमागे आणि एक एका आजोबांच्या टोपीखाली होता. आजोबांनी विचारलं, "सत्यनारायण का?" मी म्हटलं, "नाही हो, पोपट." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नवऱ्याने संपूर्ण प्रवास खिडकीकडे तोंड करून केला. मी मात्र वरातीत असल्यासारखी फांदी मिरवत उभी होते.

फांदी घरात आली आणि पुढचा प्रश्न उभा राहिला. ती उभी राहीना. बादलीत वाळू भरून पाहिली, बादली कलंडली. सुताराच्या स्टँडला बांधली, स्टँडच आडवा झाला. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दुपारी पायऱ्यांच्या आरासीची मांडणी चालली होती, गौर झोपाळ्यात बसायची होती, कैऱ्या किसायच्या होत्या, आणि खोलीच्या मधोमध मी फांदी धरून उभी, सोडली की पडते म्हणून. नाक पुसायलाही हात मोकळा नाही. मला रडू आलं.

सासूबाई किसणी ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग गॅलरीत गेल्या आणि नवऱ्याला हाक मारली. गॅलरीच्या कोपऱ्यात, लोणच्याच्या बरणीखाली, एक दगडी उखळ होतं. मी ते बरणी ठेवायचं स्टूल समजत होते, कारण अर्थातच त्याला कव्हर होतं.

"हे आत आण. जपून, कंबर मोडशील."

नवऱ्याने ते ढकलत आत आणलं. सासूबाईंनी कव्हर काढलं. आतला खळगा वापराने गुळगुळीत झालेला, हाताची ओंजळ मावेल एवढा.

"माझ्या माहेरचं आहे," त्या म्हणाल्या. "मी सासरी आले ना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, या धोंड्याचं इथे काय काम? मग मिक्सर आला तेव्हा हाही म्हणाला, टाकून देऊ." नवरा खाली बघायला लागला. "घाला ती फांदी यात."

फांदीचं बूड खळग्यात घातलं, चारी बाजूंनी लाकडाच्या पाचरी ठोकल्या. मी हात सोडला. फांदी उभी राहिली. हलवून पाहिली, हलेना. त्या घरात त्या क्षणी खरंच झाड उगवलं होतं.

पण परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. संध्याकाळी इमारतीतल्या बायका जमल्या. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी सगळ्यांत आधी आल्या. माझ्या रुखवताची चर्चा चालू ठेवण्याचं काम त्या बिनपगारी करत. आंब्याची डाळ हातात घेत म्हणाल्या, "अगंबाई, झाड? का हो, पोपट अजून आहे? मला वाटलं पाठवला."

"आज ठरणार आहे," सासूबाई म्हणाल्या.

मी पिंजऱ्याचं दार उघडलं. तो उतरला. चार पावलं चालला आणि थेट आरासीकडे वळला. तिथे काय नव्हतं? कलिंगडाचं कमळ, काकडीची मगर, भिजवलेल्या हरभऱ्यांची रास, आणि सगळ्यांत वर सासूबाईंनी नव्याने विणलेलं क्रोशाचं आसन. बायकांनी पदर आणि पावलं आवरून घेतली. तो त्या दोन रांगांमधून छाती काढून चालत गेला, एखाद्या मंत्र्यासारखा. पहिल्या पायरीशी थांबला. मान वाकडी करून आसनाकडे पाहिलं. माझ्या हातातल्या गुलाबदाणीतलं पाणी माझ्याच पायावर सांडत होतं आणि मला कळत नव्हतं.

आणि मग त्याला वास आला असावा. तो वळला. उखळापाशी गेला, दगडाला एकदा चोच लावली आणि चढला. चोच, पाय, चोच, पाय. पहिला फाटा, दुसरा फाटा. सगळ्यांत वरच्या फाट्यावर पोचला, सालीचा एक लांब तुकडा सोलून खाली टाकला, अंग फुलवलं, पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या हातातल्या उघड्या वाटीकडे रोखून पाहिलं आणि सासूबाईंच्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं गरजला,

"झाकण ठेव!"

वहिनींनी वाटीवर हात ठेवला. खरंच ठेवला! मग जे हसू फुटलं ते थांबेना. कोणाचं पन्हं सांडलं, कोणी भिंतीला टेकलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हरभऱ्यांच्या राशीतून ओंजळभर हरभरे घेतले, ओटी भरतात तसे दोन्ही हातांनी नेऊन पोपटापुढे धरले आणि सगळ्यांना म्हणाल्या, "पोपटाला फांदीच लागते. दोन बोटं पुढे, दोन मागे. मी तर पहिल्यापासून सांगत होते."

मी पुन्हा एकदा खाली मान घालून दुरुस्ती केली नाही.

सुताराच्या स्टँडवर पुढे टेलिफोन आला आणि रिकाम्या पिंजऱ्यात कांदे. पोपटाच्या छातीवर पावसाळ्यापर्यंत नवी पिसं आली. उखळाला सासूबाईंनी खालून झालर शिवली, त्याला इलाज नव्हता. हळदीकुंकवाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या वडिलांना पोस्टकार्ड टाकलं. पत्ता त्यांनी मला विचारला म्हणून मी ते वाचलं. शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं टपोरं अक्षर, मजकूर दोन ओळींचा: "पोपट येणार नाही. फांदी दर चैत्रात नवी पाठवावी, साल असलेली."