धुक्याआधीची फवारणी

मोबाइलवर हवामानाचा अंदाज आला तेव्हा आम्ही दुपारचं जेवत होतो. पुढचे पाच दिवस कोरडे, थंडी बेताची, पहाटे दाट धुकं. सांगणारी बाई त्याला 'आल्हाददायक' म्हणाली. नाशिक शहरातल्या माणसांना असेलही. दिंडोरीला आमची द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात होती, आणि धुक्याच्या ओलीत डावणी रोग बघता बघता घड काळे पाडतो. औषध धुकं पडायच्या आत, त्याच संध्याकाळपर्यंत मारायला हवं होतं.

नवऱ्याचा हात प्लास्टरमध्ये. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर भाचीच्या लग्नाला गेलेला.

"मी मारते," मी म्हणाले.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "बाईमाणसानं? लोक काय म्हणतील?"

"लोक येणारेत का औषध मारायला, आबा?"

त्या घरात मी असं पहिल्यांदाच बोलले. लासलगावजवळच्या माहेरी लग्नाआधी कांद्याच्या शेतात मी ट्रॅक्टर चालवायचे. इथं बारा वर्षांत कुणी मला त्यावर चढू दिलं नव्हतं.

नवरा ताटावरून उठला. "चल, औषध किती घ्यायचं ते सांगतो," एवढंच बोलला.

साडी खोचली, वर त्याचा जुना शर्ट घातला, तोंडाला फडकं बांधलं. पहिल्याच वळणावर ट्रॅक्टरचं चाक मांडवाच्या लोखंडी खांबाला घासलं. शेजारचे भाऊजी बांधावर उभेच होते.

"वहिनी, उतरा. लय अरुंद हाय, अडकाल."

"अडकले तर हाक मारीन."

थोडं मागं घेतलं, चाक सरळ केलं आणि पुन्हा ओळीत शिरले. दिवस मावळायच्या आत बाग झाली.

पहाटे दारातून गोठाही दिसेना. पाचही दिवस तसंच. सहाव्या दिवशी आबा बाग फिरून आले.

"पाटाकडच्या दोन ओळी गेल्या. घाई केलीस तू तिथं."

"केली," मी म्हणाले. "बाकीची बाग उभी आहे."

त्यांनी शाबासकी दिली नाही, मीही वाट पाहिली नाही. पुढच्या फवारणीला ड्रायव्हर हजर होता. त्याला मी पाटाकडच्या ओळी छाटायला पाठवलं आणि स्वतः ट्रॅक्टरवर बसले. बांधावर आता चौघं जण बघत होते. बघू दिलं.