पोटाला न लागणारी गोळी

प्रयोगशाळेत तिला सगळे 'पोटवाल्या बाई' म्हणत, कारण सूज उतरवेल पण पोट जाळणार नाही अशा गोळीमागे ती बावीस वर्षं हात धुऊन लागली होती. महिन्यापूर्वी उंदरांवर ते जमलं. माणसांपर्यंत पोचायला अजून दहा वर्षं होती, पण ते फोनवर कोण सांगत बसतं? "आई, जमली गं गोळी! पोटाला अजिबात लागत नाही!"

आज डॉक्टर म्हणाले, आईच्या पोटात रक्तस्राव झालाय. तिने आईची पिशवी उघडली. आत गुडघेदुखीच्या जुन्याच गोळ्यांची रिकामी पाकिटं होती.

"उपाशीपोटी कशाला घेतल्यास? किती वेळा बजावलं होतं!"

आई कसनुसं हसली. "मला वाटलं, दुकानात आता तुझीच मिळते."