नंदाताईंची बोटं

अमेरिकेत चँडलरच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत नंदाताई मोदकपात्राचं झाकण काढत, वाफेत हात घालत आणि मोदक नुसत्या बोटांनी उचलून ताटात मांडत. चिमटा नाही, फडकं नाही. पोरं फोन घेऊन भोवती जमत. "मावशी, यू आर अ सुपरहिरो!"

"चिमट्यानं नाक मोडतं मोदकाचं," त्या म्हणत. "बाप्पाला नकटे मोदक चालतात का, राजेहो?"

नंदाताई मूळच्या नागपूरच्या. आम्ही एकाच हॉस्पिटलात होतो. स्कॅनच्या आधी पेशंटला टोचायचं किरणोत्सर्गी औषध बाटलीतून सिरिंजमध्ये भरणं हे त्यांचं काम. त्या औषधाचा जोर तासातासाला उतरतो, त्यामुळे दारात कुणी गप्पा मारत उभं राहिलं की त्या ओरडत, "अर्धं औषध तुमच्या बोलण्यात संपलं! सरका!" एखादा गोरा म्हातारा सुईला घाबरला, तर त्याला चक्क मराठीत सांगत, "हात द्या आजोबा, मुंगी चावेल एवढंच." आणि तो मुकाट्यानं हात पुढे करी.

किरणांपासून कर्मचाऱ्यांना जपायची जबाबदारी माझी होती. कुणाला किती किरणं लागली ते मोजायला प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असे. औषध हाताळणाऱ्यांच्या बोटात, हातमोज्याच्या आत, प्लॅस्टिकची एक अंगठीही असे. मोजणारी चकती त्या अंगठीवर खड्यासारखी बसवलेली. दर महिन्याला आकडे येत, आणि नंदाताईंच्या अंगठीचा आकडा सगळ्यांत कमी. मीटिंगमध्ये मी त्यांचं उदाहरण देई. ज्याचा आकडा चढे त्याचं काम काढून नंदाताईंना देई. सिरिंजवर शिशाचं कवच चढवण्यात वेळ जातो म्हणून त्या कित्येकदा ते वगळत, हे मला दिसत होतं. आकडा कमी होता, म्हणून मी बोललो नाही.

एका गणपतीत मी ताट धरून त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी मोदक ठेवला आणि त्या पांढऱ्या पारीला काहीतरी चिकटलेलं दिसलं. ती कातडी होती. त्यांच्या तर्जनीची. त्या मात्र कुणाला तरी तूप वाढायला सांगत होत्या.

मी त्यांना ओढतच नळाकडे नेलं. "अहो देशमुख, काय झालं?" त्या विचारत होत्या. पाण्याखाली धरलेली ती बोटं मी पहिल्यांदाच नीट पाहिली. टोकं काचेसारखी गुळगुळीत, एकही रेघ नाही. नखाशेजारी एक जुनी भेग, कडेनं काळी पडलेली.

"दुखत नाही?"

"कळतच नाही. फोनसुद्धा माझं बोट ओळखत नाही हल्ली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? आकडे तुम्हीच दाखवता ना, सगळ्यांत कमी म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना हातमोजा काढायला लावला. अंगठी बोटात होती, आणि चकती हाताच्या पाठीच्या बाजूला होती. औषधाची बाटली ज्या बाजूनं धरायची ती बाजू तळव्याची. चकती तिकडे हवी. इतकी वर्षं ती औषधाकडे पाठ करून बसली होती.

"ही अशी का घातलीत?"

"अशी म्हणजे? खडा आत कोण घालतं?"

त्यांचा कामावरचा पहिला दिवस मला लख्ख आठवला. एका हातात फोन धरून मी अंगठीची पुडी त्यांच्यापुढे सरकवली होती आणि म्हणालो होतो, "नेहमीच्या अंगठीसारखी घाला, बस."

चौकशी झाली. वरिष्ठांनी मला एकच प्रश्न विचारला: अंगठी कशी घालायची हे त्यांना समजावलं होतं ना? मी म्हणालो, "हो."

भेगेत कॅन्सर निघाला. दोन बोटं पेरापासून काढावी लागली. काम सुटलं. कर्मचाऱ्यानं सूचना पाळली नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो मंडळातही पोचला. ज्या बायका मोदक उचलताना टाळ्या वाजवत, त्याच म्हणू लागल्या, "नंदाताई पहिल्यापासून जरा धसमुसळ्याच." मी तिथेच बसलेला असे. पुढे त्या बेलव्ह्यूला मुलीकडे राहायला गेल्या.

गेल्या आठवड्यात मी त्यांना फोन केला.

"नंदाताई, तुम्ही अंगठी चुकीची घातली नव्हती. मी सांगितली तशीच घातली होती." आणि पहिल्या दिवसाचं ते वाक्य मी त्यांना ऐकवलं.

"असं म्हणाला होता तुम्ही?" त्यांना ते आठवतच नव्हतं. "मी तर रोज स्वतःला शिव्या घालते हो. एवढी शिकलेली बाई आणि एक अंगठी धड घालता आली नाही म्हणून." मग त्यांचा आवाज चढला. "हे माझ्या मुलीला सांगा. आत्ता सांगा. माझ्या हातून कप पडला की म्हणते, 'आई, यू वेअर ऑलवेज सो केअरलेस.'"

"काका?" मुलगी फोनवर आली. तिला एकही शब्द अडू नये म्हणून मी सगळं, चौकशीतल्या त्या "हो"सकट, इंग्रजीत सांगितलं. ती अडखळत मराठीत म्हणाली, "तेव्हा तुम्ही एका माणसाला खोटं सांगितलं. आता सगळ्यांना खरं सांगा, काका. आईला वाचता येईल असं."

म्हणून मंडळाच्या अंकात हे लिहितो आहे. हॉस्पिटललाही कळवलं आहे. चकती तळव्याकडे ठेवायची असते हे नंदाताईंना कुणीही सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. माझं "हो" खोटं होतं.