लिफ्टमधला धक्का

बमरोलीच्या साड्या रंगवायच्या डाइंग मिलमध्ये सुंदराच्या धाडसाचं सगळ्यांना कौतुक होतं. वाफेची नळी फुटली आणि खात्याचं दार अडकलं, तेव्हा तिनंच खांद्याचे धक्के मारून ते उघडलं होतं आणि बरोबरच्या बायकांना बाहेर काढलं होतं. म्हणून तर दवाखान्यातल्या लिफ्टमध्ये जे झालं, ते तिला कुणापाशी बोलता येईना.

भाची बाळंत झाली होती. सासूला, भागीरथीबाईंना, घेऊन सुंदरा बाळ बघायला गेली. लिफ्टमध्ये माणसं नुसती कोंबलेली, त्यात पंखा बंद. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली, अगदी थोडा वेळ. तेवढ्यात सुंदराला दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, बोटं बधिर झाली. आता आपण मरणार, एवढंच तिला कळत होतं. दार उघडताच पुढच्या माणसाला ढकलून ती बाहेर पळाली.

पुढे होत्या त्या भागीरथीबाईच. म्हातारी तोंडावर पडली, ओठ फुटला.

"किसने धक्का मारा?" कुणीतरी ओरडलं. हातात जेवणाचा डबा घेतलेला एक माणूस मागे उभा होता. लोकांनी त्यालाच धरलं.

"मैंने नहीं मारा, भाई," तो काकुळतीला येऊन सांगत होता. सुंदरा भिंतीला टेकून बघत राहिली.

तिचा पांढराफटक चेहरा बघून डॉक्टरीणबाईंनी कार्डिओग्राम काढला. हृदय ठणठणीत होतं.

"हा पॅनिक अटॅक," त्या म्हणाल्या. "संकट नसतानाही शरीर घाबरतं आणि जीव वाचवायला धावतं. याआधी कुठं कोंडल्यासारखं झालं होतं?"

"कुठंच नाही," सुंदरा म्हणाली.

घरी आल्यावर तिला न्हाणीचं दारही लावता येईना. गरम पाण्याची वाफ दिसली तरी जीव घाबरा व्हायचा. दार किलकिलं ठेवून ती थंड पाण्यानं अंघोळ करायची आणि बाहेर सुजल्या ओठानं भागीरथीबाई राखण बसायच्या. सुंदराला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका सकाळी ती आतूनच रडत म्हणाली, "आत्या, मीच ढकललं तुम्हाला."

"माले माहीत शे," बाहेरून आवाज आला. "पण त्या डबावाला माणूसले लोक बोलनात, तवय तू चूप काबर बसनी?"



दोघी पुन्हा दवाखान्यात गेल्या. त्या माणसाची खूप चौकशी केली, पण त्याचं नावगाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मग जिना चढून सुंदरा डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि वाफेचा तो दिवस पहिल्यांदा कुणाला तरी सांगितला. अडकलेलं दार, बायकांच्या किंकाळ्या, सगळं.

बाईंनी औषध दिलं, श्वास सावकाश सोडायला शिकवलं. अटॅक अजून येतो, पण त्यानं आपण मरत नाही, हे आता तिला कळतं. डबेवाल्याचा चेहरा मात्र आठवला की तिची मान खाली जाते.

मिलमध्ये तिनं हे सांगितलं तेव्हा बायका हसल्या. "तू आणि घाबरतेस?" सुंदरा साड्यांच्या घड्या घालत राहिली. जेवणाच्या सुट्टीत चंचल नावाची नवी कामगार तिच्या शेजारी येऊन बसली. इकडंतिकडं बघून तिनं हळूच विचारलं,

"मावशी, ती डॉक्टरीण कुठं बसते?"