गोधडीच्या कडेकडेनं

"मला ताण वगैरे काही नाही, घरात माणसं आहेत एवढंच," असं वहिनी एकदा डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टर रक्तदाब मोजत होते. त्यांनी पट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा मोजला आणि रोज थोडं फिरत जा म्हणून सांगितलं. वहिनींनी विचारलं, कुठं? डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्यांना सगळी गल्ली वहिनी म्हणत असे. दूधवाला म्हणे, नवऱ्याच्या ऑफिसातले लोक म्हणत, कुलपांच्या दुकानाचा मालक, जो त्यांच्या वडिलांच्या वयाचा होता, तोही म्हणे. एकदा माहेरून सख्खा भाऊ आला, चार दिवस राहिला आणि निघताना चपला घालत "येतो वहिनी" म्हणून गेला. वहिनींनी चूक दुरुस्त केली नाही. दुरुस्त करण्यासारख्या वस्तू घरात आधीच पुष्कळ होत्या.

घर तळमजल्यावरचं. पुढं एक मोठी खोली, तिच्या पोटात दोन लहान खोल्या, मागं स्वयंपाकघर आणि मागच्या दाराबाहेर बाग. घरात चार माणसं आणि वहिनी. यजमान बस डेपोतून निवृत्त झाले होते. तिथं त्यांनी आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं बनवली, आणि गाड्या आपापल्या सोयीनं धावल्या. धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, गाडी चालवायला शिकवत. लग्न केलं नव्हतं. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याचं चुकताना बघायची सवय झाल्यावर माणूस लग्न करत नाही, असं ते स्वतःच सांगत. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत असत आणि त्यांना कमी ऐकू येई, पण नेमकं काय कमी ऐकू यावं हे त्या ठरवत. चौथं माणूस म्हणजे लेक. तिला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, फार लांब, जिथं हिवाळ्यात नळातलं पाणी नळातच थिजतं अशा गावी.

नोकरीचं पत्र आलं त्या आठवड्यात वहिनींनी मोठ्या खोलीतली खुर्च्या-टेबलं भिंतीला लावली आणि जमिनीवर गोधडी अंथरली.

गोधडी अंथरणं म्हणजे काय, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. खाली अस्तर, मध्ये जुन्या कपड्यांचे थर, वर तुकडे जोडून केलेला पृष्ठभाग. सगळं हातानं ताणून सपाट करायचं आणि लांब लांब कच्चे टाके घालून धरून ठेवायचं. कच्चे टाके पुरे होईपर्यंत ती वस्तू हलवायची नाही. हलवली तर आतल्या आत चुणी पडते आणि ती चुणी मग जन्मभर पाठीला लागते. त्यामुळे घर गोधडीच्या कडेकडेनं चालू लागलं. यजमान पेपर घ्यायला दाराशी जाताना भिंतीला पाठ लावून सरकत. पाहुणे स्वयंपाकघरात बसवले जात. भाऊजी वळणावर तोंडानं हॉर्न वाजवत.

"वहिनी, एकेरी वाहतूक आहे का इकडं?"

"पाय धुतलेत का भाऊजी?"

"धुतलेत."

"मग उडी मारा."

तुकडे घरातलेच होते. जुने पडदे, सासूबाईंचे मऊ झालेले सुती कपडे, लेकीचे शाळेचे दोन गणवेश, उशांचे अभ्रे, आणि भाऊजींची एक तपकिरी पँट, जिचा शोध तिचा मालक अजून घेत होता.

आता अडचण अशी की गोधडी शिवायचे दिवस आणि बागेचे दिवस एकच. थंडी ओसरायला लागली की गुलाबाची छाटणी डोळे फुटायच्या आत झाली पाहिजे, लिंबाखालची माती उकरली पाहिजे, वाफे उन्हात भाजायला उघडे टाकले पाहिजेत, पालापाचोळ्याचा खड्डा वरखाली केला पाहिजे. झाडाला थांब म्हणता येत नाही. माणसांना म्हणता येतं, पण ती थांबत नाहीत. वहिनी सकाळी बागेत असत, दुपारी गोधडीवर, आणि मधल्या वेळात पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळे, सासूबाईंचा चष्मा हरवे, कुकरची रिंग सैल पडे. बागेत असताना त्यांना गोधडी दिसे आणि गोधडीवर बसल्या की नखातली माती दिसे.

यजमानांनी हे पाहिलं आणि वेळापत्रक केलं. सुबक केलं, दोन रंगांत. त्यात बाग होती, शिवण होती, स्वयंपाक होता, आणि दुपारची भांडी झाल्यावर एक लहानसा चौकोन होता, त्यात लिहिलं होतं, ताण कमी करणे.

"म्हणजे मी काय करायचं त्या वेळात?" वहिनींनी विचारलं.

"ते तू ठरव. मी फक्त वेळ दिलाय."

"आणि पिठाची गिरणी?"

"गिरणी ताणातच धरलीय."

वहिनींनी तो कागद खिडकीच्या फटीत घातला. तिथून वारा येत होता तो बंद झाला.

गोधडी नेशील का, असं त्यांनी लेकीला कधी विचारलं नाही. लेक मात्र एकदा चहा पिता पिता म्हणाली, "तिथं मिळतात गं आई जाड रजया. हलक्या असतात, मशीनमध्ये धुता येतात."

"हो का," वहिनी म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवला.

लेक बॅग भरत होती. भरायची, हातात घेऊन वजनकाट्यावर उभी राहायची, स्वतःचं वजन वजा करायची आणि काहीतरी बाहेर काढायची. गोधडी पुरी झाली असती तर ती नाही म्हणू शकली नसती, हे दोघींनाही ठाऊक होतं. अपुरी राहिली असती तर प्रश्नच मिटत होता. मागाहून पाठवीन म्हटलेली गोधडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते. तिथं आधीच दोन होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी फक्त मधला भाग उरला होता, साधारण जेवणाच्या टेबलाएवढा. वहिनी कडेपासून शिवत आत येत. मध्यावर आल्या की एक बाजू गुंडाळून मांडीपर्यंत आणत, डावा हात गोधडीखाली घालत आणि उजव्या हातानं वरून टाका घालत. सुईचं टोक खालच्या बोटाला लागलं की ती वर वळे. सगळं शिवणकाम त्या न दिसणाऱ्या बोटावर चाले. संध्याकाळपर्यंत झालं असतं.

त्या दुपारी रोपवाला आला. वहिनींनी त्याला महिन्याभरापूर्वी टोमॅटोची आणि वांग्याची रोपं सांगितली होती. तो आपल्या दिवशी आला. मुळं ओल्या पोत्यात गुंडाळलेली होती, पानांनी माना टाकल्या होत्या.

"उद्या आणा ना," वहिनी म्हणाल्या.

"उद्या मी आणीन वहिनी, पण ही येणार नाहीत," रोपवाला म्हणाला.

वहिनींनी सुई कापडात टोचून ठेवली आणि त्या मागच्या दारानं बागेत गेल्या.

लेक बाजारात गेली होती. स्वयंपाकघरात दोघा भावांची बैठक झाली.

"तिच्यावर ताण आहे," यजमान म्हणाले.

"डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले फिरायला जा."

"मग?"

"गेली नाही. म्हणजे आहेच."

"मग करायचं काय?"

"उरलेलं आपण शिवून टाकू. आहे काय त्यात. इकडून घालायची, तिकडून काढायची."

भाऊजींनी विचार केला. रोज नवशिक्यांच्या हाती गाडी देणाऱ्या माणसाला सुईची भीती नसते. दोघे हात धुऊन मोठ्या खोलीत गेले. गुंडाळलेली बाजू त्यांनी उलगडली, कारण असं अर्धवट गुंडाळून काम करणं यजमानांना गबाळं वाटलं. गोधडी सतरंजीवर छान सपाट पसरली. ही सतरंजी निरोपसमारंभात डेपोनं यजमानांना दिलेली, जाड विणीची, निळ्या पट्ट्यांची. फरशी गार लागते म्हणून वहिनी ती गोधडीखाली घालत. मग दोघे भाऊ गोधडीवर समोरासमोर मांडी घालून बसले. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या.

यजमानांनी ही बाई गोधडी शिवताना वर्षानुवर्षं पाहिली होती, पण खुर्चीतून, पेपरच्या वरून. तिथून तिचा एकच हात दिसायचा. दुसरा कुठं असतो हे विचारायची वेळ आली नव्हती.

"सुई फार जड जाते," भाऊजी म्हणाले.

"थर आहेत ना. जोर लाव."

"ही माझी पँट आहे."

"कुठली?"

"ही. मी मार्चपासून शोधतोय."

"आता सापडली ना. शीव."

सासूबाईंनी दोनदा सुईत दोरा ओवून दिला. त्यांना जवळचं उत्तम दिसे.

सगळी रोपं संपायच्या आत ऊन कलायला लागलं, तेव्हा वहिनी आत आल्या. कोपरापर्यंत माती, हातात फांद्या छाटायची कात्री, कारण दारापाशी गुलाबाची एक फांदी पदराला अडकली होती. त्याच वेळी पुढच्या दारातून लेक आली. यजमान खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले होते, पेपर न घेता.

"झाली," ते म्हणाले.

वहिनी गोधडीकडे बघत राहिल्या. मग कात्री खाली ठेवली, हात अंगाला पुसले आणि गोधडीचा कोपरा धरून उचलला. कोपरा आला. आणखी उचलला. मग गोधडीबरोबर सतरंजीही आली, आणि खुर्चीचे पुढचे दोन पाय सतरंजीवर असल्यामुळे यजमानही थोडे पुढं आले.

बागेत झारीतून उरलेलं पाणी मातीत टपटपत होतं, ते ऐकू येत होतं.

वहिनींनी गोधडी सतरंजीसकट जमेल तेवढी वर दुमडली आणि खालून पाहिलं. भाऊजींचे टाके लांब, वळणावर सुटलेले. ते दोनदा ओढले की निघाले असते. यजमानांचे बारीक, घट्ट, आणि प्रत्येक चार टाक्यांनंतर गाठ. गाडी सुटली की फाटक बंद, अशी त्यांची रीत होती. ते उसवायचे म्हणजे खालचं कापड फाडायचं, आणि सकाळी गाडी होती.

"उसवता येईल," यजमान म्हणाले.

वहिनींनी एका गाठीवरून नख फिरवलं.

"मी म्हटलं होतं सुई जड जातेय," भाऊजी म्हणाले.

"तू म्हणालास ही माझी पँट आहे."

लेक सासूबाईंकडे वळली. "आजी, तू इथंच होतीस ना? तुला दिसत होतं."

"दिसत होतं की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?" सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आणि म्हटलं, झाली जड तर बरंच आहे. पोर नेणार नाही. नाही नेली म्हणजे न्यायला परत येईल."

लेक खाली बसली. गोधडीच्या कडेवरून तिनं हात फिरवला, तिथं तिच्या गणवेशाचा तुकडा होता. मग ती म्हणाली, अगदी सावकाश, "आई, राहू दे आता. मी पुढच्या खेपेला नेईन."

पुढची खेप कधी, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं सुट्टी मिळणार नव्हती.

वहिनी गोधडीची मोकळी कड वर दुमडून गुडघे टेकून बसल्या. त्यांनी खाली ठेवलेली कात्री उचलली, पात्यांवरची माती अंगठ्यानं काढली आणि सतरंजीत घातली.

"अगं, ती डेपोची," यजमान म्हणाले आणि तिथंच थांबले.

कात्री फांद्यांची होती, सतरंजी जाड होती, करकर आवाज येत होता. वहिनी शिवलेल्या भागाच्या बाहेरून, बोटभर अंतर सोडून, सतरंजी कापत गेल्या. गोधडीचा टाका एकही तुटला नाही. एका वळणावर सतरंजी ताणली जाईना, तेव्हा लेकीनं दुसरी बाजू धरली. पुढं भाऊजींनी खुर्ची यजमानांसकट मागं सरकवली. पाती निळे पट्टे ओलांडत गेली आणि जिथून निघाली होती तिथं पोचली.

वहिनींनी गोधडी उचलली. या वेळी ती एकटी आली. खाली सतरंजी उरली, मधोमध टेबलाएवढं भोक, भोकातून फरशी. गोधडीच्या पाठीवर तेवढाच तुकडा, निळ्या पट्ट्यांचा, घट्ट बसलेला.

त्यांनी कडेचे राहिलेले धागे दातांनी तोडले, गोधडी झटकली, चार घड्या घातल्या आणि लेकीपुढं ठेवली. लेकीनं ती मांडीवर घेऊन वजन अजमावलं. मग उठली, आतून बॅग ओढत आणली, उघडली आणि आदल्या दिवशी आणलेली नवी हलकी रजई प्लास्टिकसकट बाहेर काढून भाऊजींच्या हातात दिली.

"तुला ठेव काका. पँटीच्या बदल्यात."

"नफ्यात आहे मी," भाऊजी म्हणाले.

गोधडी बॅगेत बसेना. लेकीनं घड्या मोडून वेगळ्या घातल्या, सतरंजीची बाजू खाली केली, वर गुडघा ठेवला. "ही बाजू पायांकडे घेईन मी," ती आईला म्हणाली. "जड आहे, रात्री सरकणार नाही."

यजमान खुर्चीतून उठले. भोकाच्या कडेनं चालत आले, बॅगेच्या दुसऱ्या टोकाशी वाकले आणि दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. लेकीनं चेन ओढली. चेन अर्ध्यावर अडकली, मग पुढं गेली.

बाहेर वाफ्याच्या कडेला, ओल्या पोत्यावर, तीन रोपं अजून आडवी होती, आणि अंधार पडायला फार वेळ नव्हता. वहिनींनी चेन पूर्ण बंद होताना बघितली. मग कात्री घेतली, मागचं दार उघडलं आणि बाहेर गेल्या.