एकशे दहा व्होल्ट

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये इंग्रजी मासिकं वाचणारा मी एकटाच होतो, आणि ही गोष्ट कुणाच्या नजरेतून सुटू नये याची काळजी मीच घेत असे. त्यामुळे शेजारचे काका रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी काकूंसाठी सीडी प्लेअर घ्यायचं ठरवलं, तेव्हा सल्ला माझाच घेतला गेला. काकू लग्नाआधी गाणं शिकल्या होत्या. पुढे संसारात ते राहिलं. निदान ऐकायला तरी नीट मिळावं, एवढीच काकांची इच्छा होती.

दुकानांतले देशी सेट मी नापसंत केले. "नुसते दिवे लुकलुकतात काका, आत काही नसतं." कल्याणला एका गल्लीत बाहेरून आलेला माल स्वस्तात मिळे, तिथे त्यांना नेलं. दोन स्पीकरसकटचा काळा, जपानी सेट निवडला. त्याला दिवा एकच होता. मला तो सुसंस्कृत वाटला.

दुकानदार म्हणाला, "साहेब, सोबत ट्रान्सफॉर्मर लागेल."

"हो, आणि पुसायला रुमालही लागेल," मी म्हणालो. काका हसले. गिऱ्हाइकाच्या गळ्यात जास्तीचं काही मारायच्या युक्त्यांवर मी नुकताच एक लेख वाचला होता. दुकानदाराने खांदे उडवले.

घरी काकूंनी सेट पाटावर ठेवला, वरच्या जाळीशेजारी ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली. शेजारीपाजारी पेढे खायला जमले होते. यंत्राच्या पूजेवर मी एक विनोद केला. तरी प्लग लावायचा मान मलाच मिळाला, आणि तो मी नाकारला नाही.

खट्ट आवाज झाला. सेटमागून धुराची बारीक रेघ निघाली, जळका वास सुटला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"ओलं कुंकू आत गेलं," मी म्हणालो. "शॉर्ट झालं. काकू, हा काय देव्हारा आहे का?"

"अगं बाई!" म्हणून काकू पदराने जाळी पुसायला लागल्या.

"किती वेळा सांगितलं हिला," काका म्हणाले, "जिथे तिथे हळदकुंकू नको म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी एकटाच सेट घेऊन कल्याणला गेलो. दुकानदाराने तो उलटा केला आणि मागच्या पट्टीवर बोट ठेवलं. एकशे दहा व्होल्ट. "जपानी असला तरी अमेरिकेसाठी बनवलेला आहे साहेब. आपल्या दोनशे तीसवर थेट लावलात ना? म्हणून तर म्हटलं होतं." त्याने झाकण उघडून दाखवलं. आत कुंकवाचा कणही नव्हता. सेट दुरुस्त होण्यासारखा नव्हता. त्या पट्टीवरचं इंग्रजी चौथीतल्या पोरालाही वाचता आलं असतं.

परत आलो तर काकू दारातच उभ्या. "खरं सांग रे, माझ्यामुळेच ना?"

आतून काकांचा आवाज आला, "बोलू नकोस तिला आता काही. कालपासून जेवलेली नाही ती."

"होतं असं, काकू," मी म्हणालो. वर चेहरा क्षमा केल्यासारखा.

काकांनी दुसरा सेट घेतला नाही, काकूंनीच घेऊ दिला नाही. नंतर बिल्डिंगमध्ये कुणी नवी वस्तू आणली की त्या हा किस्सा स्वतःवर हसत सांगायच्या, आणि शेवटी साक्षीला मला पुढे करायच्या. "विचारा ह्याला. हा होता तिथे."

मी मान डोलवायचो.